जुन्या क्रीडामोटारींच्या सस्पेन्शनची सुधारणा

जुन्या क्रीडामोटारीच्या सस्पेन्शनची सुधारणा म्हणजे तिच्या मूळ स्प्रिंगा, धक्काशोषक, रबरी बुश आणि अँटी-रोल बार दुरुस्त करून किंवा बदलून रस्त्यावरील पकड, वळणावरील स्थैर्य व प्रवासातील सुखसोय वाढवणे होय. तांत्रिक परिभाषेत सस्पेन्शनला ‘निलंबन’ आणि शॉक ॲब्सॉर्बरला ‘धक्काशोषक’ म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र ‘शॉकअप’, ‘पाटे’ आणि ‘बुश’ हेच शब्द चालतात.

भारतात क्रीडामोटारींचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन कधी झाले नाही. त्यामुळे येथे हे काम मुख्यतः दोन प्रकारच्या गाड्यांवर झाले: इंग्लंडमधून आलेल्या एमजीसारख्या दोन आसनी गाड्या आणि शर्यतींसाठी किंवा रॅलीसाठी तयार केलेल्या मुंबईच्या फियाट.

स्प्रिंग आणि धक्काशोषक

‘धक्काशोषक’ हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. खड्ड्याचा धक्का प्रथम स्प्रिंग घेते व ऊर्जा साठवते. साठलेली ऊर्जा सुटताना गाडी वरखाली डोलू लागते आणि हे दोलन थांबवण्याचे काम धक्काशोषकाचे असते. त्यातील तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते आणि दोलनाच्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून धक्काशोषक नेहमी स्प्रिंगच्या ताठरपणाशी जुळणारा असावा लागतो. स्प्रिंग २० टक्क्यांनी ताठर केली, तर तेवढेच नियंत्रण राखण्यासाठी अवमंदनही सुमारे १० टक्क्यांनी वाढवावे लागते, कारण दोलनाची वारंवारता ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

१९५०-६०च्या दशकांतील अनेक ब्रिटिश गाड्यांत लीव्हर-आर्म प्रकारचे धक्काशोषक होते. यात ओतीव पेटीत तेल व दट्ट्या असून बाहेर आलेली एक भुजा चाकाबरोबर हलते. १९६२ साली आलेल्या एमजीबी या गाडीत पुढच्या धक्काशोषकाची भुजा हीच सस्पेन्शनची वरची भुजा असते. त्यामुळे तो काढून तेथे नळीसारखा टेलिस्कोपिक धक्काशोषक बसवणे हे नटबोल्ट बदलण्याइतके सोपे नसते. वरच्या भुजेची वेगळी सोय करावी लागते. मागच्या बाजूस हा बदल तुलनेने सोपा आहे, पण नव्या धक्काशोषकाचे वरचे टोक ज्या पत्र्याला जोडायचे, तो पत्रा त्या भारासाठी बनवलेला आहे का आणि गंजलेला नाही ना, हे आधी पाहावे लागते.

टेलिस्कोपिक धक्काशोषकांतही प्रकार आहेत. साध्या दुहेरी नळीच्या प्रकारात सतत खडबडीत रस्त्यावर तेल तापून त्यात फेस होतो आणि नियंत्रण सुटते. एकेरी नळीत दाबाखालील वायू भरून ही अडचण दूर करण्याची रचना फ्रेंच अभियंता द कार्बों यांच्या नावाने ओळखली जाते. रॅलीच्या गाड्यांत ती प्रचलित झाली. रोजच्या वापरातील जुन्या गाडीला तिची गरज क्वचितच भासते.

झीज की मूळ दोष

जुनी गाडी वळणावर झुकते, ब्रेक लावताच नाक खाली घालते, सुकाणू हलके भटकते. यावरून मालक बहुधा असा निष्कर्ष काढतो की तिची रचनाच कालबाह्य आहे. प्रत्यक्षात यातील बराचसा दोष झिजेचा असतो. रबरी बुश वाळून तडकतात, पाट्यांची कमान बसते, धक्काशोषकातील तेल गळते, किंगपिनमध्ये खेळ निर्माण होतो. अशा गाडीला नव्या ताठर स्प्रिंगा घातल्या की सैल सांध्यांवरचा भार वाढतो आणि गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालते. म्हणून प्रथम सर्व बुश, सांधे व किंगपिन मूळ मापाचे नवे करणे, मग चांगले धक्काशोषक बसवणे, त्यानंतर आवश्यक वाटल्यास जाड अँटी-रोल बार आणि सर्वांत शेवटी स्प्रिंगा, असा क्रम योग्य ठरतो. पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा टिकाऊ व ताठर असतात, मात्र त्यांच्यामुळे रस्त्याचा आवाज व थरथर गाडीच्या सांगाड्यात अधिक पोहोचते.

गाडी खाली घेणे

स्प्रिंगेची एक वेटोळी कापून गाडी खाली घेण्याची युक्ती स्वस्त म्हणून लोकप्रिय आहे आणि सर्वांत घातकही. आठ कार्यकारी वेटोळ्यांपैकी एक कापली तर गाडी खाली येतेच, शिवाय उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के ताठर होते आणि तिचे टोक खोबणीत नीट बसेनासे होते. तारेच्या जाडीचा परिणाम याहून मोठा असतो. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्याने १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटर तार वापरली, तर तेवढ्याच व्यासाची स्प्रिंग सुमारे ३८ टक्के ताठर बनते.

गाडी खाली घेणे कधी कधी मूळ स्वरूपाकडे परतणेही असते. अमेरिकेतील नियमांसाठी एमजीबीला १९७४च्या अखेरीस रबरी बंपर आले आणि गाडीची उंची सुमारे दीड इंचाने वाढवण्यात आली. पुढचा अँटी-रोल बारही काही काळ वगळला गेला. १९७७च्या गाड्यांत पुढे व मागे दोन्हीकडे बार आले. मधल्या काळातील गाड्या आधीच्या उंचीवर आणून त्यांना बार बसवणे ही या गाडीवरील नेहमीची सुधारणा आहे.

भारतीय रस्त्यांवर मात्र उंची कमी करण्यास मर्यादा आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. गावोगावी आढळणारे गतिरोधक अरुंद व उभट असतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. मराठवाड्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा परिसरासारख्या काळ्या कापसाच्या जमिनीत माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे वरचा डांबरी थर शाबूत असूनही रस्त्याला लांब लाटा येतात. अशा रस्त्यावर आखूड प्रवासाची ताठर स्प्रिंग उपयोगी पडत नाही. तेथे मऊ स्प्रिंग, चाकाला वरखाली होण्यास भरपूर जागा आणि परतीच्या हालचालीला आवर घालणारा धक्काशोषक हवा.

मुंबईच्या फियाट

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० ही गाडी तयार होत असे. १९७०च्या दशकात तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. ती क्रीडामोटार नव्हती. तरी चेन्नईजवळच्या शोलावरम धावपट्टीवरील शर्यतींत आणि रॅलींमध्ये तिने मोठी कामगिरी केली. पुढे दुहेरी भुजा व कॉइल स्प्रिंगा, मागे अखंड आस व पाटे, चारही चाकांना टेलिस्कोपिक धक्काशोषक, अशी तिची रचना होती. म्हणजे जी सुधारणा एमजीच्या मालकाला खटाटोपाने करावी लागे, ती पद्मिनीत कारखान्यातूनच आलेली होती. शिवाय गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईत सुरू झाल्याने धक्काशोषकांचे उत्पादन जवळच होत होते.

पद्मिनीच्या मागच्या बाजूस लक्ष देण्याजोगा भाग म्हणजे पाटे. पाटे एकमेकांवर घासतात आणि या घर्षणानेही थोडे अवमंदन होते. मात्र गंज चढला की ते चिकटतात, लहान खड्ड्यांवर हलतच नाहीत आणि मोठ्या खड्ड्यावर एकदम सुटतात. पाटे सोडवून साफ करणे, लोहाराकडून किंवा पाटेवाल्याकडून पुन्हा कमान देणे आणि शॅकलचे बुश बदलणे, एवढ्यानेच गाडीत मोठा फरक पडतो. भारवाहू गाडीप्रमाणे जादा पाटा घातल्यास मागचा भाग उंचावतो व ताठर होतो. ओल्या रस्त्यावर वळताना मागची चाके लवकर घसरू लागतात.

याउलट उदाहरण मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचे. ट्रायम्फ स्पिटफायर या क्रीडामोटारीशी नाते असलेल्या या गाडीत मागची चाके स्वतंत्र होती, पण जोरात वळताना ती आत दुमडत. ब्रिटनमध्ये १९७०च्या स्पिटफायरमध्ये आडव्या पाट्याची बैठक बदलून हा दोष आवरला गेला. भारतात १९७२च्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये सरळ अखंड आसच बसवण्यात आली.

कायदा आणि मूळ स्वरूप

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा अर्थ कायम केला. २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यानुसार ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले व मोठे फेरबदल न झालेले वाहनच या वर्गात येते, त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि त्याचा नियमित किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही.

यामुळे गाडी चांगली चालावी ही इच्छा आणि ती मूळ स्वरूपात राहावी ही अट यांत ओढाताण होते. छिद्र न पाडता व जोडकाम न करता, मूळ बोल्टांवरच बसणारे भाग वापरणे आणि काढलेले लीव्हर-आर्म धक्काशोषक, स्प्रिंगा व कंस तेल लावून जपून ठेवणे, हा मार्ग जाणकार संग्राहक पत्करतात. सांगाड्यावर एकदा वेल्डिंग झाले की मूळ स्थितीकडे परत जाणे खर्चिक, आणि कित्येकदा अशक्य होते.