वाकळ : सीमाभागातली घरची शिवण

जुन्या कापडांचे थर एकावर एक ठेवून हाताने शिवलेलं जाड अंथरूण-पांघरूण म्हणजे वाकळ. निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी घरांत वाकळ किंवा गोधडी म्हणतात, शेजारचं कन्नड घर त्यालाच कौदी म्हणतं. खानापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यातल्या सिद्दी समाजात कवंदी. नावं चार, धावदोरा एकच.

शिवायची कशी : खाली जुनं सुती लुगडं ताणून अंथरायचं. मध्ये फाटके सदरे, धोतराचे तुकडे सपाट लावायचे, वर चांगलं कापड. थर हलू नयेत म्हणून आधी लांब टाके घालायचे. मग कडेपासून चौकोनात फिरत मध्यावर यायचं. सिद्दी बायका कोपऱ्यांवर कापडी फुलं लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी होत नाही.

अडचण कुठे : सिंथेटिक साडी सरकते, घामही शोषत नाही. जुनी सुती लुगडी संपत आली, बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळतं. शिवणक्लासात मुख्यतः ब्लाउज, फॉल-पिको शिकवतात. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, वाकळीचं वेगळं नाव नाही. म्हणजे ही कला शिकायची ती आजीशेजारी बसूनच.

सुरुवात : पहिल्यांदा मोठी वाकळ घेऊ नये. बाळाचं दुपटं घ्यावं. एका कडेला जाणती, दुसऱ्या कडेला शिकणारी बसली की टाका आपोआप सारखा पडू लागतो.