समोरून कोण येतंय?

बार्शीपासून समुद्र नाकासमोर मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. मधे अख्खा सह्याद्री आडवा. गाव ज्वारीचं, तुरीचं. ‘बार्शी तिथे सरशी’ ही म्हण पाडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाजारपेठ असणार, बंदर नव्हे. तरीही आज मुंबईहून क्रूझवर निघालेला एखादा बार्शीकर कठड्याला रेलून लांबच्या ठिपक्याकडे बघतो तेव्हा त्याच्या तोंडून निघणारा प्रश्न घरात नवा नसतो. समोरून कोण येतंय? आजोबांनी तो बार्शी लाईटच्या खिडकीतून कैक वेळा विचारलेला असतो.

बार्शी लाईट म्हणजे अडीच फुटी रुळांवरची छोटी रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, अशी सुमारे एकवीस मैलांची वाट आधी सुरू केली. तोवर बार्शीचा माल मोठ्या रेल्वेपर्यंत पोचायचा तो बैलगाड्यांवरून. कॅल्थ्रॉपनं एक नियम पक्का धरला: कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. इंजिन असो की मालडबा, वजन जास्त चाकांवर वाटून द्यायचं. मग रूळ हलके चालतात आणि खर्च आवाक्यात राहतो. इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्यातली, मालडब्यांच्या पोलादी चौकटीही लीड्सच्याच. म्हणजे बार्शीची गाडी बार्शीत यायच्या आधी बोटीनं मुंबईला आली. (पुढे याच गृहस्थानं वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं आणि त्याला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. हलकं आणि तरी भार पेलणारं, हाच नाद.) हळूहळू गाडी पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ साली सरकारनं ती विकत घेतली.

मार्ग एकेरी. त्यामुळे दोन गाड्यांची गाठ पडायची ती फक्त स्टेशनात, आणि आधी आलेलीनं थांबायचं. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणत. त्या थांबण्यात एक वेगळाच वेळ असे. माणसं खाली उतरत, बिडी पेटवत, रुळांच्या टोकाकडे डोळे लावत. आधी धूर दिसायचा, मग आवाज यायचा, मग गाडी. गाड्या दिवसाला मोजक्याच, म्हणून धूर दिसताच कोणीतरी सांगून टाकी की ही लातूरवाली. सांगणाऱ्याला शाबासकी कोणी देत नसे आणि चुकला तर सोडतही नसे.

कोकणात हाच खेळ पाण्यावर चाले, आणि तिथे तो नुसता खेळ नव्हता. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्याआधी कित्येक दशकं मुंबईच्या चाकरमान्याला गावी नेणारं खरं वाहन म्हणजे आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत थेट पणजी. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती लांब नांगर टाकी आणि पडाव जवळ येत. उतारू, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं हेलकावत वरून खाली आणि खालून वर. पावसाळ्यात ही लांबची सेवा बंद.

डेकवर चटई अंथरून बसलेल्या उतारूला प्रवासभर करायचं काय? बघायचं. किनारा डाव्या हाताला सरकत असे, पण तो ओळखीचा. करमणूक उजव्या हाताला, उघड्या पाण्यात. दोन डोलकाठ्यांची, तिरप्या शिडांची फत्तेमारी दिसली की मंगलोरी कौलं घेऊन मुंबईला निघाली असेल असा अंदाज बांधायचा. मचवा दिसला तर मासळीचा की मालाचा, यावर वाद घालायचा. परतीची आगबोट समोरून आली की सगळी माणसं एका बाजूला धावत आणि खलाशी ओरडत. बोटींची नावं लोकांना पाठ होती; रामदास, तुकाराम अशी संतांची नावं असायची. पुढच्या पिढीनं कोकण सेवक आणि कोकण शक्ती या दोन बोटी ओळखल्या. धुराड्याच्या रंगावरून, भोंग्याच्या सुरावरून बोट सांगणारी माणसं प्रत्येक बंदरावर असत. भोंगा ऐकून कोणती बोट ते सांगायचं, हे गाडीच्या शिट्टीवरून ड्रायव्हर ओळखण्यासारखंच.

मुंबईच्या बंदरात हे ज्ञान जास्त रंगीत होतं. ब्रिटिश इंडिया कंपनीचं धुराडं काळं, त्यावर दोन पांढरे पट्टे. पी अँड ओ कंपनीच्या बोटी पिढ्यान् पिढ्या काळ्या. १९३१ च्या सुमारास स्ट्रॅथनेव्हर आली ती एकदम पांढरी, पिवळ्या धुराड्यांची. लोकांनी बघतच राहावं अशी ही कंपनीची मोडलेली रीत. दोन पट्टेवाल्यांपैकी शेवटची प्रवासी बोट ‘द्वारका’ आखातातल्या बंदरांच्या फेऱ्या करत १९८२ पर्यंत टिकली. ‘गांधी’ या चित्रपटात ती दिसते. तेव्हा ज्याला पट्टे ठाऊक होते, त्याला थिएटरात बसूनही बोट ओळखता आली असणार.

दुरून येणारी बोट एकदम अख्खी दिसत नाही, हे कोकणातल्या पोराला भूगोलाच्या पुस्तकाआधी कळायचं. आधी धूर किंवा डोलकाठीचं टोक, मग धुराडं, शेवटी अंग. पृथ्वीचा बाक मधे येतो. हिशेबही सोपा आहे: पाण्यापासून पंचवीस मीटर उंच डेकवर उभं राहिलं तर क्षितिज साधारण एकोणीस किलोमीटरवर असतं. समोरच्या जहाजाचं टोकही तेवढंच उंच असेल तर हे अंतर दुप्पट होतं. म्हणजे अडतीस किलोमीटरवरून टोकाला टोक भिडतं, पण अंग दिसायला बराच वेळ जावा लागतो. पडावात बसलेल्याचं क्षितिज मात्र चार-पाच किलोमीटरचंच. आजच्या क्रूझवरचा माणूस उंचीच्या जोरावर जेवढी बोट बघतो, तेवढी होडी हाकणाऱ्या तांडेलाला कधी दिसली नसेल. ओळखली मात्र तांडेलानंच.

रात्री गोष्ट वेगळी. तिथे दिव्यांची भाषा आहे आणि ती शिकायला एक रात्र पुरते. प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, वर पांढरा. मोठ्या जहाजाला पांढरे दोन: पुढचा खाली, मागचा वर. फक्त लाल दिसला तर त्या जहाजाची डावी बाजू तुमच्याकडे आहे, म्हणजे ते तुमच्या उजवीकडून डावीकडे चाललंय. हिरवा दिसला तर उलट. लाल-हिरवा दोन्ही दिसले आणि वरचे पांढरे दिवे एकावर एक आले, तर ते सरळ तुमच्यावर येतंय. अशा वेळी दोघांनी उजवीकडे वळायचं आणि एकमेकांच्या डाव्या बाजूनं जायचं. एसटीच्या बरोबर उलटं. भोंग्याची एक छोटी फुंक म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे. पाच म्हणजे तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही. शेवटचा इशारा घाटरस्त्यावरही चालावा, असं वाटतं.

किनाऱ्यावरच्या बत्त्या वेगळ्या. खांदेरीचं दीपगृह १८६७ चं, मुंबईच्या तोंडाशी प्राँग्जचं १८७५ चं. प्रत्येकीची लुकलुक वेगळी, ठरलेल्या सेकंदांची. तांडेल मनातल्या मनात आकडे मोजायचा आणि आपण कुठे आहोत ते ताडायचा.

आणि ज्या दिवशी मुंबईला काहीच दिसलं नाही, तो दिवस म्हणजे १७ जुलै १९४७. दीप अमावस्या. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलेलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास सकाळीच वादळात सापडली आणि मुंबईपासून काही मैलांवर कलंडून बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईत धक्क्यावर रोजची कामं चालू होती. काय झालं ते शहराला कळायला दुपार उलटली. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी बातमी आणली. माणसं वाचवली ती रेवसच्या कोळ्यांनी. मासळी घेऊन निघालेल्या होड्या त्या बाजूनं जात होत्या, आणि मासळी पाण्यात टाकून त्यांनी माणसं भरली असं तिकडे अजून सांगतात. पाऊस, लाटा आणि खालच्या पातळीवरून चार-पाच किलोमीटरचं क्षितिज. तरी त्या होड्यांतल्या कोणालातरी पाण्यावर डोकी दिसली. त्याआधी वीस वर्षं, नोव्हेंबर १९२७ मध्ये, याच किनाऱ्यावर तुकाराम बुडाली होती. पुढे कोकणात माणूस बोटीला बसला की घरचे दिवस मोजत, त्यामागे अशा आठवणी होत्या.

कोकणची आगबोट रस्त्यांपुढे आणि एसटीपुढे टिकली नाही. मधे दमानियाची वेगवान कॅटमरान आली आणि गेली. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावू लागली, ती मात्र सुट्टीसाठीची. पोचायची घाई असलेल्यानं तिच्यात बसायचंच नव्हतं. २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटते. हे जहाज १९९० सालचं, मूळ नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. आता त्यात सोलापूर, लातूर, बार्शीकडची मंडळीही दिसतात. पहिल्या संध्याकाळी बुफेपाशी झुंबड असते आणि कठड्यापाशी जागा रिकामी मिळते. बाहेर पडताना न्हावा शेवाच्या वाटेवरची कंटेनरची जहाजं, जवाहर द्वीपाजवळची तेलाची, बंदरात जागा मिळेपर्यंत नांगर टाकून बसलेली. हा सगळा तांडा पाऊण-एक तासात मागे पडतो.

मग मोबाइल निघतो. २००४ च्या अखेरीपर्यंत तीनशे टनांवरच्या आंतरराष्ट्रीय मालवाहू जहाजांना आणि प्रवासी जहाजांना एआयएस नावाचं यंत्र बसवणं सक्तीचं झालं. ते स्वतःचं नाव, वेग, दिशा, मुक्काम सतत सांगत राहतं, आणि ते ॲपवर उमटतं. आजोबांनी क्षितिजावरचा ठिपका दाखवला की नातू वाचतो: तेलाचं जहाज, अमुक देशाचा झेंडा, तमुक बंदराकडे. धुराड्याचा रंग बघायची गरज उरली नाही. बघायचा म्हटलं तरी आता कंपन्या जहाजं विकतात, नावं बदलतात, झेंडे बदलतात. जहाजाचा जन्मभर टिकतो तो सात आकडी क्रमांक, पाठीवर रंगवलेला.

किनारा वीस-तीस किलोमीटर मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. पडद्यावर समुद्र रिकामा दिसतो. वर डोकं करून पाहिलं तर समोर पंधरा-वीस दिवे, काही पिवळे, काही टाचणीएवढे पांढरे, पाण्याबरोबर वर-खाली होणारे. मासेमारीच्या होड्या. लहान होड्या बहुतेक वेळा ॲपवर येतच नाहीत. त्यातला एक दिवा लाल आहे की हिरवा, यावर बार्शीच्या आजोबांत आणि नातवात वाद जुंपतो, तोपर्यंत क्रूझनं भोंग्याची एक छोटी फुंक दिलेली असते आणि पायाखालचा डेक हळूच उजवीकडे वळू लागलेला असतो.