लॅपटॉप ते होम थिएटर : बाह्य ऑडिओ इंटरफेस निवडताना

बंगळुरूच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही वसाहत देशभरातून नोकरीसाठी आलेल्या तरुणांची म्हणून ओळखली जाते. २००७ मध्ये फ्लिपकार्ट या कंपनीचा प्रारंभ याच वसाहतीतील एका सदनिकेतून झाला. आज येथील भाड्याच्या घरांतून अनेकांचा लॅपटॉप दिवसा कार्यालय असतो आणि रात्री चित्रपटगृह. दूरचित्रवाणी संच नसला तरी चालतो; परंतु लॅपटॉपचा आवाज मोठ्या स्पीकरवर यावा, ही अपेक्षा असते. त्यासाठी बाह्य ऑडिओ इंटरफेस, म्हणजेच लॅपटॉपबाहेर जोडावयाचे साउंड कार्ड, विकत घेण्याचा विचार पुढे येतो. या एकाच नावाखाली परस्परांहून अगदी भिन्न उपकरणे विकली जातात. निवड चुकली तर काही हजार रुपये खर्चूनही सहा स्पीकरपैकी दोनच वाजतात.

उपकरणाचे काम

लॅपटॉपमधील ध्वनी अंकांच्या स्वरूपात असतो. स्पीकरला मात्र सतत बदलणारा विद्युत्दाब लागतो. अंकांचे विद्युत्दाबात रूपांतर करणारा भाग ‘डॅक’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. तो प्रत्येक लॅपटॉपमध्ये असतोच. तथापि प्रोसेसर, पंखा आणि वीजपुरवठा यांच्या सान्निध्यात तो बसवलेला असल्याने काही लॅपटॉपच्या हेडफोन खाचेतून बारीक खरखर ऐकू येते. बाह्य उपकरणात हे रूपांतर लॅपटॉपपासून दूर, स्वतंत्र पेटीत होते. शिवाय लॅपटॉपची साडेतीन मिलिमीटरची खाच डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्या देते, ५.१ संचाला सहा वाहिन्या लागतात.

प्रथम संचाची मागील बाजू पाहावी

दुकानात जाण्यापूर्वी होम थिएटरच्या मागील खाचांची नोंद करणे हे सर्वांत उपयुक्त पाऊल होय. संचाला एचडीएमआय ‘इन’ असेल, तर बहुधा वेगळे साउंड कार्ड घेण्याची गरजच उरत नाही. एचडीएमआयच्या एकाच तारेतून चित्रासह आठ वाहिन्यांपर्यंतचा ध्वनी जातो. २००६ च्या १.३ आवृत्तीपासून डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ध्वनिप्रकारही त्यातून मूळ स्वरूपात पाठवता येतात. लॅपटॉपला केवळ टाइप-सी खाच असल्यास ती चित्र बाहेर देणारी आहे की नाही, याची खात्री करावी. प्रत्येक टाइप-सी खाचेत ही सोय नसते.

डीव्हीडीच्या काळातील अनेक संचांवर एचडीएमआय खाच दिसते, परंतु ती ‘आउट’ असते. ती दूरचित्रवाणीला चित्र देण्यासाठी आहे. लॅपटॉपचा ध्वनी तिच्यातून आत येत नाही. त्याचप्रमाणे स्पीकर संचावरील यूएसबी खाच बहुतेक वेळा केवळ पेनड्राइव्हसाठी असते. तिला लॅपटॉप जोडून आवाज येत नाही म्हणून संच बिघडला असे समजू नये.

ऑप्टिकल तार आणि तिची मर्यादा

एचडीएमआय ‘इन’ नसेल, पण चौकोनी ऑप्टिकल खाच असेल, तर ऑप्टिकल आउट असलेले यूएसबी साउंड कार्ड योग्य ठरते. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी प्रकाशाद्वारे चालते. तिच्यातून साधा ध्वनी दोनच वाहिन्यांत जातो. सहा वाहिन्या हव्या असतील तर त्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या संक्षेपित स्वरूपात पाठवाव्या लागतात. चित्रपटाच्या फाइलमध्ये तसा ध्वनी आधीच असेल तर अडचण नसते. संगणकीय खेळांचा ध्वनी मात्र त्या क्षणी तयार होत असतो. त्यासाठी कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट यांसारखी तत्काळ संक्षेपणाची सोय असणे आवश्यक आहे. खोक्यावर केवळ ‘ऑप्टिकल’ असे छापलेले असणे पुरेसे नाही.

सहा खाचांचा मार्ग

संचावर लाल-पांढऱ्या आरसीए खाचांच्या तीन जोड्या ‘५.१ इनपुट’ या नावाने असतील, तर पुढील, मागील आणि मध्य-सबवूफर अशा तीन स्वतंत्र आउट असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. तीन जोडतारा लागतात. प्रत्येकीच्या एका टोकाला कार्डावरील खाचेला बसणारी पिन व दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असतात. त्यानंतर लॅपटॉपच्या ध्वनी सेटिंगमध्ये ५.१ हा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडल्यास सर्व तारा बरोबर जोडूनही मागील स्पीकर गप्प राहतात. संचावर केवळ ‘ऑक्स’ ही एकच जोडी असेल, तर कितीही महाग कार्ड घेतले तरी दोनच वाहिन्या पोहोचतात.

ध्वनिमुद्रणाचा इंटरफेस वेगळा

‘ऑडिओ इंटरफेस’ असा शोध घेतल्यास प्रथम समोर येतात ती ध्वनिमुद्रणाची उपकरणे. फोकसराइट स्कार्लेट २आय२ हे त्यांपैकी परिचित नाव. यातील ‘२आय२’ म्हणजे दोन इन आणि दोन आउट. मायक्रोफोनसाठी एक्सएलआर खाच, कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा, गिटारसाठी वेगळी जोडणी या त्यांच्या जमेच्या बाजू. घरी रियाज मुद्रित करणाऱ्या गायकाला, संवादिनीवादकाला किंवा पॉडकास्ट करणाऱ्याला असेच उपकरण हवे. परंतु दोन आउटचे हे उपकरण ५.१ संचाला सहा वाहिन्या देऊ शकत नाही.

मुद्रणासाठी विलंबही महत्त्वाचा असतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा साठा ठेवल्यास केवळ त्या साठ्यामुळे ५.३ मिलिसेकंद विलंब होतो. १,०२४ नमुन्यांवर तो २१ मिलिसेकंदांपुढे जातो आणि स्वतःचा आवाज कानात मागून येत असल्याचे गायकाला जाणवू लागते. विंडोजवर हा विलंब कमी ठेवण्यासाठी उपकरणाचा स्वतंत्र एएसआयओ ड्रायव्हर असावा. चित्रपट पाहणाऱ्याला याची फारशी गरज नसते.

आकड्यांचा अर्थ

खोक्यावरील ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ हे आकडे अनेकांना निर्णायक वाटतात. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर चालते. मानवी कानाची कमाल मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्याने ती या दरात सामावते; १६ बिटमुळे सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. चित्रपटांचा ध्वनी सामान्यतः ४८ किलोहर्ट्झचा असतो. त्यामुळे ऐकण्यासाठी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहे.

यूएसबीच्या वेगाचाही हिशेब करता येतो. सहा वाहिन्या, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ यांचा गुणाकार प्रतिसेकंद ६.९ मेगाबिट होतो. जुन्या फुल-स्पीड यूएसबीच्या १२ मेगाबिट क्षमतेत तो बसतो. आठ वाहिन्या ९६ किलोहर्ट्झवर नेल्यास तो १८.४ मेगाबिट होतो आणि अधिक वेगवान जोडणी लागते. अशा उपकरणांसाठीच्या यूएसबी ऑडिओ क्लास २ ला विंडोज १० मध्ये २०१७ पासून अंगभूत पाठबळ मिळाले. त्याआधीच्या विंडोजवर निर्मात्याचा ड्रायव्हर आवश्यक ठरतो.

मूळ ध्वनीत नसलेले कोणतेही उपकरण निर्माण करू शकत नाही. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका एकाच वाहिनीच्या आहेत. त्यांना सहा स्पीकरांचा उपयोग नाही, चांगले दोन स्पीकर पुरतात. याउलट ‘सैराट’ (२०१६) च्या संगीतातील वाद्यवृंदाचे मुद्रण हॉलिवूडच्या स्टुडिओत झाले होते. असा भरदार ध्वनी चांगल्या संचावर खुलतो. मात्र चित्रपट ब्राउझरमध्ये पाहिल्यास अनेकदा दोनच वाहिन्या मिळतात. आपल्या ओटीटी सेवेचे अॅप लॅपटॉपवर ५.१ देते का, हे खरेदीपूर्वी तपासावे.

घुमणारा आवाज आणि अर्थिंग

चार्जर लावताच स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल, तर दोष बहुधा साउंड कार्डाचा नसून अर्थिंगच्या वळशाचा असतो. लॅपटॉप आणि संच वेगवेगळ्या मार्गांनी अर्थला जोडले गेले की ५० हर्ट्झ वीजपुरवठ्याची गुणगुण ध्वनीत मिसळते. चार्जर काढून पाहणे ही सोपी चाचणी आहे. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावीत. ऑप्टिकल तारेतून वीज वाहत नसल्याने तिच्या वाटे हा दोष येत नाही. अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने आवाज थांबेल, पण विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षणही जाईल.

खरेदी आणि शेजार

बंगळुरूत एस. पी. रोड, मुंबईत लॅमिंग्टन रोड येथील बाजारांत अशी उपकरणे हाताळून पाहता येतात. ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत मिळू शकते. दोन्ही ठिकाणी पक्के बिल घ्यावे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतःच्या निवासाच्या ठिकाणीही तक्रार दाखल करू शकतो. नोकरीनिमित्त शहर बदलणाऱ्यांना ही तरतूद विशेष उपयोगी आहे.

एका भिंतीपलीकडे दुसरे कुटुंब राहत असते, याचेही भान हवे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. सबवूफरचा खालचा स्वर भिंती सहज ओलांडतो. त्यामुळे रात्री पाहणाऱ्यांनी चांगल्या हेडफोन आउटचे कार्ड निवडणे शहाणपणाचे ठरते.

थोडक्यात, एचडीएमआय ‘इन’ असेल तर केवळ तार घ्यावी; ऑप्टिकल असेल तर तत्काळ संक्षेपण असलेले कार्ड; सहा आरसीए खाचा असतील तर तीन आउटचे कार्ड; केवळ ‘ऑक्स’ असेल तर साधा दोन वाहिन्यांचा डॅक; आणि मायक्रोफोनने मुद्रण करावयाचे असेल तरच ध्वनिमुद्रणाचा इंटरफेस.