लोखंडावरची अक्षरे: मुंबईत जोडलेल्या अमेरिकन मोटारी

१/ लोधिवलीजवळून जाणारा जुना मुंबई–पुणे रस्ता पुढे खोपोलीला बोरघाटाशी भिडतो. या चढावर धावलेल्या अनेक अमेरिकन मोटारींची जुळणी मुंबईतच झाली होती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत शेव्हरोले जोडण्यास आरंभ केला; वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या.

२/ १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि अशा कित्येक मोटारींत डिझेल इंजिने बसली. त्यासोबत गिअरबॉक्सही बदलले. त्यामुळे बाह्यरूपावरून अस्सलपणा ठरत नाही. पुरावा लोखंडावरच शोधावा लागतो.

३/ क्रायस्लर समूहाच्या जुन्या सहा सिलिंडरी इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या डाव्या बाजूस, डायनामोच्या वर ठोकलेला असतो. 'पी १५' हा आरंभ म्हणजे युद्धानंतरची पहिली प्लिमथ. अमेरिकन प्लिमथच्या सिलिंडर हेडची लांबी सुमारे २३ इंच, तर कॅनडात घडलेल्या इंजिनाची सुमारे २५. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना कॅनडातूनही माल जात असे. म्हणून लांब हेड दिसताच इंजिन बदललेले आहे, असा निष्कर्ष काढणे चूक ठरते.

४/ शेव्हरोलेच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते: 'ए' ते 'एल' या अक्षरांपैकी एक महिन्यासाठी, मग दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक. मोटारीपेक्षा ब्लॉक नंतरचा असेल, तर तो मूळचा नव्हे. १९५४ पर्यंतच्या शेव्हरोले मोटारींत मागे जाणारा शाफ्ट बंद नळीत असे. उघडा शाफ्ट आढळला तर मागचा भाग बदललेला आहे.

५/ शेवटची साक्ष मागच्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांची. युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील, तीन गिअरच्या शेव्हरोलेत ते ३७ आणि ९ असत. म्हणजे गुणोत्तर ४.११. घाट चढण्याचे बळ चाकांना मिळे, त्यात या गुणोत्तराचाही वाटा असे.

६/ २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीला 'व्हिंटेज' नोंदणी हवी असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. आरसी बुकातील क्रमांक जुळला, तरी तेवढ्याने कारखान्यातले इंजिन सिद्ध होत नाही. बदललेल्या इंजिनाचीही त्यात रीतसर नोंद होते.

७/ नंतर बसवलेले डिझेल इंजिन हाही इतिहासच आहे, महागाईत मोटार चालती ठेवणाऱ्यांचा. त्याची नोंद तशीच व्हावी. मात्र जुना क्रमांक घासून नवा ठोकला, की दोन्ही काळांचा पुरावा एकाच वेळी नष्ट होतो.