विंडसर्फिंगची फळी: नवी, जुनी आणि मोडलेली

विंडसर्फिंगचे आजचे रूप १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात घडले. होइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी डोलकाठी सर्व दिशांना वळणाऱ्या सांध्याने फळीला जोडली. १९८४मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तिथली फळी बदलत गेली: २००४मध्ये मिस्ट्रल, २००८पासून आरएस:एक्स, २०२४मध्ये आयक्यूफॉइल. स्पर्धेबाहेर पडलेली सामग्री वापरलेल्या मालाच्या बाजारात उतरते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र २०२३मध्येही आरएस:एक्स होती. तीत इबाद अली यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले.

जुनी फळी घेताना सांध्याचे रबर, शिडाची शिवण आणि फळीत मुरलेले पाणी तपासतात. पाण्यात सांधा तुटल्यास फळी सोडायची नसते. शीड गुंडाळून, तिच्यावर पालथे पडून हातांनी वल्हवायचे. नाशिकच्या गंगापूर धरणासारख्या जलाशयात वारा अखेर कुठल्यातरी काठाला लावतो. समुद्रात जमिनीकडून वाहणारा वारा दूर नेतो.