'नाही' म्हणजे कुठे नाही?

आज एका छोट्याशा चुकीचा इतिहास पाहू. पायथनच्या नोटबुकात आपण एखादं मॉड्यूल इम्पोर्ट करतो आणि तांबड्या अक्षरांत उत्तर येतं: या नावाचं मॉड्यूल नाही. पाच मिनिटांपूर्वीच तर ते बसवलेलं असतं! विद्यार्थी ते पुन्हा बसवतो, तिसऱ्यांदा बसवतो आणि शेवटी म्हणतो, 'हे आपल्याला जमण्यातलं नाही.' आम्हाला काळजी वाटते ती या शेवटच्या वाक्याची.

न्यायशास्त्रात अभावाचा फार बारीक विचार झाला आहे. 'जमिनीवर घट नाही' असं म्हणताना ज्याचा अभाव तो घट म्हणजे प्रतियोगी, आणि जिथे अभाव ती जमीन म्हणजे अधिकरण. नुसतं 'घट नाही' हे अर्धंच बोलणं झालं. पायथनचा संदेश असाच आहे. प्रतियोगी सांगतो, अधिकरण गिळतो.

१९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी पायथन लोकांसमोर ठेवली, तेव्हा हे फारसं बोचत नव्हतं. एका यंत्रावर बहुधा एकच पायथन असायची. २००७ मध्ये 'व्हर्च्युअलएन्व्ह' आलं आणि प्रत्येक प्रकल्पाचं कोठार वेगळं झालं. २००८ च्या डिसेंबरात पायथन ३ आली. जुनीशी तिचं पुरतं जमेना, म्हणून दोघी एकाच यंत्रावर नांदू लागल्या.

नोटबुकाची कथा समांतर चालली होती. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन सुरू केलं, २०११ च्या अखेरीस त्याचं ब्राउझरमधलं नोटबुक आलं, २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर प्रकल्प निघाला. आपण लिहितो ते पान ब्राउझरमध्ये. कोड चालवणारं कर्नेल मात्र निराळंच. (मॅथेमॅटिकात ही फारकत १९८८ पासूनच होती.) कोणती पायथन उठवायची हे कर्नेलच्या एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. आपण टर्मिनलमध्ये 'पिप' चालवतो तेव्हा ते दुसऱ्याच पायथनच्या कोठारात माल टाकू शकतं. नोटबुकातच उद्गारचिन्ह लावून 'पिप' लिहिलं तरी तोच धोका, कारण ती आज्ञा कर्नेलकडे न जाता शेलकडे जाते.

२०१६ च्या अखेरीस पायथन ३.६ ने या चुकीला 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर' असं स्वतंत्र नाव दिलं. तोवर मॉड्यूलच न सापडणं आणि मॉड्यूल सापडूनही त्यातलं नाव न मिळणं, दोन्ही 'इम्पोर्ट एरर'च. सुधारणा चांगली, पण आमच्या मते अर्धवट. अधिकरणाचा पत्ता अजूनही नाही.

तो आपणच विचारायचा. नोटबुकात 'सिस' इम्पोर्ट करून 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापा. कर्नेल कोणत्या पायथनवर चाललंय ते कळेल. 'सिस डॉट पाथ' छापलंत की ती कुठे कुठे शोधते ती यादी दिसेल. मग उद्गारचिन्हाऐवजी टक्क्याचं चिन्ह लावून 'पिप इन्स्टॉल' लिहा. २०१९ मध्ये आयपायथनने दिलेली ही सोय चालू कर्नेलच्याच पायथनमध्ये बसवते. नंतर कर्नेल पुन्हा सुरू करावं, कारण एकदा आत घेतलेलं मॉड्यूल ते लक्षात ठेवतं आणि नवी आवृत्ती आली तरी जुनीच वापरतं.

एवढं करूनही 'नाही'च आलं, तर प्रतियोगीकडे वळा. काही मॉड्यूलं बसवायची एका नावाने आणि हाक मारायची दुसऱ्याने: बसवताना 'पिलो', इम्पोर्ट करताना 'पीआयएल'.