शिसपेन्सिलीत शिसे नाही

आपण ज्या वस्तूला पिढ्यान्पिढ्या शिसपेन्सिल म्हणत आलो, तिच्यात शिशाचा कणही नसतो. ही चूक मूळची इंग्रजांची. आपण ती नावासकट उसनी घेतली. सोळाव्या शतकात इंग्लंडातल्या बॉरोडेल खोऱ्यात एक काळे, तुळतुळीत खनिज सापडले. धनगर त्याने मेंढ्यांवर खुणा करीत, आणि लोक त्याला काळे शिसे म्हणत. ते कार्बनचेच एक रूप आहे, हे १७७९ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले. पुढे त्याचे नाव ग्रॅफाइट झाले; आपली शिसपेन्सिल मात्र आहे तिथेच राहिली. असो.

बॉरोडेलचे ग्रॅफाइट इतके शुद्ध की नुसते कापले तरी त्याच्या कांड्या होत. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायलाही ते लागे. साहजिकच त्याची चोरी होऊ लागली, आणि १७५२ साली त्या चोरीविरुद्ध पार्लमेंटला खास कायदा करावा लागला!

१७९३ साली फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले आणि फ्रान्सला हा माल मिळेनासा झाला. तेव्हा कार्नो याने निकोला-झाक काँते याला तोड काढण्यास सांगितले. काँते हा मोठा खटपट्या माणूस. चित्रकारही आणि यंत्रज्ञही. त्याने हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड केली, तीत चिकणमाती कालवली, कांड्या वळल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ साली त्याला या कृतीचे पेटंट मिळाले.

टंचाईवर काढलेल्या या तोडीतून चित्रकाराला अनपेक्षित लाभ झाला. माती जास्त घातली की कांडी कठीण आणि रेघ फिकट. कमी घातली की कांडी मऊ आणि रेघ गर्द. खाणीतून निघेल ते मुकाट्याने वापरण्याचे दिवस संपले. आज पेन्सिलीवर छापलेली एच आणि बी ही अक्षरे या मातीचाच हिशेब सांगतात.

एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे वडील मला हल्ली विचारतात, "सर, पोराला कंप्युटरवर चित्रे काढायची पाटी घेऊन देऊ का?" विचारणाऱ्याचा पगार मला ठाऊक असतो, म्हणून उत्तर जपून द्यावे लागते. ही पाटी काही वाईट नव्हे. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड याने स्केचपॅड रचले आणि प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढून दाखवल्या. तेव्हापासूनचा तिचा वंश. पण घ्यायचीच तर एक गोष्ट पाहून घ्यावी: लेखणीला हाताचा दाब कळतो का? रबरी टोकाच्या स्वस्त लेखण्यांना तो कळत नाही. हळू टेकवा की जोराने, सांगणे सारखेच. दाब कळणाऱ्या लेखणीची रेघ हाताबरोबर जाड-बारीक, फिकट-गर्द होऊ शकते.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, त्यांना मी एक एचबी, एक २बी आणि एक ४बी घ्यायला सांगतो. शिवाय खोडरबर आणि किंचित खरखरीत कागद. गुळगुळीत कागदावर मऊ पेन्सिल घसरते, दाणेदार कागद तिला धरून ठेवतो. बारा पेन्सिलींचा चकचकीत डबा दुकानदार पुढे करीलच. त्यातल्या निम्म्या मुलाच्या हाती वर्षभर लागायच्या नाहीत.